शेवटच्या भिडूची वेळ

शाळेच्या मुख्य दारातून आत आलं की उजव्या हाताला काचेचं कपाट लागतं. त्यात ढाली, चषक आणि मधोमध विभागीय खो-खो स्पर्धेतल्या मुलींचा फोटो. पाहुणे तिथे थबकतात, "खेळात पुढे दिसते शाळा" म्हणतात आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळतात. मी साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, त्यामुळे ते कपाट माझ्या विषयाचं. त्या फोटोत बारा मुली आहेत. त्या वर्षी आठवी ते दहावीत दोनशेच्या वर मुली होत्या. उरलेल्यांचा फोटो कुणी काढला नाही. हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांच्यासारख्याच कडेला बसणाऱ्या मुलांबद्दल.

पीटीच्या तासाचा हिशेब एकदा मांडून बघा. तास पस्तीस मिनिटांचा. वर्गातून मैदानावर यायचं, रांगा, हजेरी, परत जाताना हातपाय धुवायचे. हाती उरतात वीसेक मिनिटं. वर्गात साठ पोरं. कबड्डी लावली तर एका बाजूला सात म्हणजे चौदा जण खेळणार आणि शेहेचाळीस जण बघणार. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले, पळणारा एक, समोर बचावाचे तिघे. क्रिकेटचं तर सांगायलाच नको, निम्मा संघ चेंडू आपल्याकडे कधी येतो त्याची वाट बघत उभा. आणि कोण खेळणार हे ठरवायला दोन कप्तान उभे करून भिडू मागायला लावले की वर्षभर दर तासाला तीच चार-पाच नावं शेवटी उरतात. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. चौदा वर्षांच्या मुलाला हे किती लागत असेल, याचा विचार मैदान आखणाऱ्या कुणी केलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल इतकी हालचाल करायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायूंना जोर पडेल असंही काही. 2019 साली 'लॅन्सेट'च्या बालक व किशोर आरोग्याच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 146 देशांतल्या शाळकरी मुलांची, सोळा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. अकरा ते सतरा वयाच्या मुलांत 81 टक्के या मापात बसत नव्हती. मुलींत 85 टक्के. भारतात चारांतली सुमारे तीन. अभ्यासकांनी भारतीय मुलग्यांची थोडी बरी स्थिती क्रिकेटसारख्या खेळांच्या ओढीशी जोडली आणि मुलींच्या बाबतीत घरकामाचा उल्लेख केला. मी ते वाचलं तेव्हा मला आमची आठवी 'ब' डोळ्यांसमोर दिसली. तिथल्या कितीतरी मुली शाळेतून गेल्यावर पाणी भरतात, भाकरी थापतात, धाकट्यांना सांभाळतात. अंग मोडेपर्यंत राबतात, पण त्यात पळणं नाही, उड्या नाहीत, आणि स्वतःच्या मर्जीचं काही नाही.

शिक्षक खोलीत मात्र निदान एका वाक्यात होतं: "आजची पिढी आळशी, मोबाइलनं वाया गेली." मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण दर पावसाळ्यात ऐकू येतं. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की माझ्याच तासाला लिंबाखाली बसून राहणारी पोरं-पोरी तिथे कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास उभी असतात. तळव्यांना फोड येतात, खांदे भरून येतात, दुसऱ्या दिवशी फडकं गुंडाळून परत हजर. त्यांना व्यायामाचं महत्त्व कुणी सांगितलेलं नसतं. तिथे ती सगळी एकाच वेळी वाजवतात, कुणी पहिला येत नाही, कुणी शेवटचा येत नाही, आणि मित्र शेजारीच असतात. या तीन गोष्टी मैदानावर आणायच्या कशा, याच मागे मी इतकी वर्षं आहे. पुढचे किस्से त्याच खटपटीतले.

पहिला किस्सा चिठ्ठ्यांचा. क्रीडा कक्षातल्या माझ्या टेबलाचा खालचा खण चिठ्ठ्यांनी भरलेला असायचा. "पोटात दुखत आहे, आज खेळापासून सूट द्यावी, ही विनंती." खाली आईची सही. बऱ्याच सह्यांचं अक्षर एकच असायचं, कारण वर्गात सही करण्यात पटाईत अशी एखादी असतेच. चिठ्ठ्या फाडून फेकायच्या नाहीत, तारीख टाकून ठेवायच्या, ही माझी सवय. एका दिवाळीच्या सुट्टीत खण आवरायला घेतला आणि चिठ्ठ्या वारांप्रमाणे लावल्या. मुलींच्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या शनिवारच्या निघाल्या.

शनिवार म्हणजे पांढरा गणवेश. आपल्याकडच्या असंख्य शाळांत शनिवारी सकाळची शाळा, कवायत, आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. मैदानावर रांगा लागल्या की चित्र फार देखणं दिसतं. पण नववीतल्या मुलीला पांढरी सलवार घालून खाली बसा, उठा, वाका, उडी मारा म्हणायचं, तेही मुलग्यांच्या रांगेला लागून! महिन्यातले चार दिवस तर ती येतच नाही, आणि पाळी अजून नियमित नसलेल्या वयात ते चार दिवस कधी येतील याचा भरवसा नसल्यामुळे उरलेल्या शनिवारीही ती चिठ्ठी तयार ठेवते. त्यांच्यातल्या एकीला मी बाजूला घेऊन विचारलं. बराच वेळ ती बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, पांढऱ्यावर कसं पळायचं? सारखं मागं बघायला लागतं."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. मुलींना शनिवारी गडद निळी ट्रॅक पँट चालावी, एवढीच मागणी. सर भला माणूस, पण विषय निघताच त्यांनी टेबलावरचे कागद सारखे करायला घेतले. मग गणवेश समिती, मग पालक-शिक्षक संघ. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की पांढरा गणवेश ही शाळेची परंपरा आहे, संचलनात एकसारखेपणा हवा. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर ठेवला, वारांनुसार रबरबँड लावलेला. पालक संघातल्या एका आईनं शनिवारचा गठ्ठा उचलून हातात तोलला आणि म्हणाली, "सर, ह्या पोरी आजारी न्हाईत. माझी पोरगीबी ह्यात असंल." ती बाई भाजी मंडईत गाळा चालवते. त्या खोलीत त्या विषयावर सरळ बोलणारी ती पहिली. नंतरची चर्चा पाच मिनिटांत संपली.

निळी पँट आली. तिच्याबरोबर क्रीडा कक्षाच्या कपाटात एक डबा आला, त्यात पॅड, आतले कपडे, सेफ्टी पिना. डब्याची किल्ली माझ्याकडे नाही, दहावीच्या दोन मुलींकडे असते, दर वर्षी नव्या दोघींकडे. बाईंकडे मागायला लाज वाटते, ताईकडे वाटत नाही. मैदानाच्या टोकाला एक जुनी खोली होती, तुटके बाक साठवलेली. ती रिकामी करून आतून कडी बसवली, कपडे बदलायला. सगळा खर्च मिळून एका चषकाच्या किमतीच्या आसपास. शनिवारच्या चिठ्ठ्या थांबल्या म्हणणार नाही, पण खण आता सहज उघडतो.

उरलेल्या चिठ्ठ्या मी अजूनही नीट वाचते, कारण सगळ्याच बहाण्याच्या नसतात. भराभर उंची वाढण्याच्या वयात, विशेषतः उड्या आणि पळण्याचे खेळ खेळणाऱ्या मुलांना, गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखायला लागतं, कधी तिथे टेंगूळ दिसतं. घरी म्हणतात नाटकं करतोय. डॉक्टरांना दाखवावं, काही काळ उड्या कमी कराव्यात, हळूहळू परत यावं. बहुतेकांचं वाढ थांबली की थांबतं. अशा वेळी दामटून पळवलेला मुलगा खेळापासून कायमचा तुटलेला मी पाहिला आहे.

आता वजनकाट्याचा किस्सा. शाळांमधून 'खेलो इंडिया'ची तंदुरुस्ती चाचणी घेतली जाते: उंची-वजन, 50 मीटर धाव, 600 मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर. चाचणी चांगली आहे. घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी कशी असते? एक शिक्षक काट्याजवळ, दुसरे वही घेऊन दहा पावलांवर. काट्याजवळचा ओरडून सांगतो, "बहात्तर!" आणि मागच्या साठ जणांच्या रांगेत खसखस पिकते. त्या आकड्याचा त्या मुलाला पुढची दोन वर्षं वर्गात त्रास होतो. आमच्याकडे आता काटा क्रीडा कक्षात दाराआड असतो, एका वेळी एक जण आत, आणि आकडा कागदावर मी लिहिते. मुलाला बघायचा असेल तर बघतो, नसेल तर नाही.

600 मीटरही आम्ही सगळ्या वर्गासमोर एकेकाला पळवून घेत नाही. मुलं जोड्या लावतात, एक पळतो, दुसरा घड्याळ धरतो, मग उलट. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे फक्त त्याच्याच मागच्या वेळा. भिंतीवर क्रमवारी लावायची नाही यावरून माझा एका तरुण सहकाऱ्याशी वाद झाला होता. तो स्वतः धावपटू, त्याचं म्हणणं स्पर्धा नसेल तर पोरं पळणारच नाहीत. पहिल्या दहांच्या बाबतीत तो अगदी बरोबर होता. त्यांच्यासाठी चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट आहेत, तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या स्पर्धा आहेत, सगळी व्यवस्था आहे. माझा प्रश्न पंचेचाळिसाव्या मुलाचा होता. तो मुलगा क्रमवारीत जास्तीत जास्त त्रेचाळिसावा येणार, आणि ते त्याला पळायच्या आधीच माहीत असतं. स्वतःच्या वहीत मात्र तो पाच मिनिटं दहा सेकंदांवरून पाच मिनिटांच्या आत आला की जोडीदाराला घड्याळ पुन्हा दाखवायला लावतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यातूनच अजिंक्यताऱ्याचा नियम निघाला. सातारकरांना किल्ला सांगायला नको. गावाच्या डोक्यावरच आहे, वर दरवाज्याच्या जवळपर्यंत डांबरी रस्ता जातो, सकाळ-संध्याकाळ माणसं चढताना दिसतात. नववीचे सहा-सहाचे गट केले आणि दर पंधरवड्याला एक चढाई ठरवली. गटाची वेळ मोजायची, पण नियम एकच: गटातला शेवटचा भिडू दरवाज्याला हात लावेल ती गटाची वेळ.

पहिल्या खेपेला जोरात पळणारे खवळले. एका गटात एक जाडजूड मुलगा होता, मोबाइलवरच्या खेळांत शाळेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, मैदानावर मात्र कच्चा लिंबू. त्याच्या गटातले दोघं पहिलं वळण ओलांडून पुढे गेले, वर जाऊन पायरीवर बसले, घड्याळाकडे बघत राहिले. तो धापा टाकत आला तेव्हा बाकी गट येऊन कधीच पाणी प्यायले होते. खाली उतरताना भांडण झालं. मी मध्ये पडले नाही, ऐकत राहिले. "तुझ्यामुळं," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "त्याच्यामुळं कसं? आपण थांबलोच न्हाई ना."

दुसऱ्या खेपेला त्यांनीच शोधून काढलं की त्याला सगळ्यात पुढे चालवायचं. "तू म्होरं चल, आम्ही तुझ्या मागं." डोंगर चढणारी जाणती मंडळी हेच करतात, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात म्हणजे गट फुटत नाही, या पोरांना ते कुणी शिकवलं नव्हतं. मग त्या मुलातला खेळाडू जागा झाला. कुठल्या टप्प्याला चढ सोपा आहे, कुठे सावली आहे, थांबायचं ते वळणावर न थांबता सावलीत थांबायचं आणि थांबा किती सेकंदांचा, हे सगळं त्यानं वहीच्या मागच्या पानावर आखून आणलं. मोबाइलवर पथकाची आखणी करताना जे डोकं चालतं तेच. गटाची पिशवी दुसऱ्यानं घेतली, पाणी तिसऱ्यानं. सत्र संपेपर्यंत तो गट पहिल्या तिघांत होता. तो मुलगा पुढे कुठल्याच संघात आला नाही, येणारही नव्हता. आता तो ज्युनियर कॉलेजात आहे आणि त्या गटातले चौघं-पाचजण अजून रविवारी किल्ल्यावर जातात. संध्याकाळी जातात. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, रात्री झोप उशिरा लागते, पहाटे डोळा उघडत नाही. त्यांना पाच वाजता उठवून पळवायचा हट्ट पालकांनी सोडावा असं मी दर सभेत सांगते.

पालकांचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग. "मॅडम, दहावीचं वर्ष आहे हो," असं म्हणत आलेले एक वडील, मुलीचा सराव बंद करा म्हणून सांगायला. शाळा, मग शिकवणी, मग दुसरी शिकवणी. त्यांना कुणीतरी क्रीडा सवलतीच्या गुणांचं सांगितलं आणि दोन दिवसांनी तेच परत आले: "मग हिला राज्यावर खेळवा की." सवलतीचे गुण रास्त आहेत, खेळाडूची मेहनत कुठेतरी मोजली जायलाच हवी. पण ते मिळतात मोजक्यांना, ठरावीक पातळीपर्यंत पोचलेल्यांना. बाकीच्यांसाठी ते गाजर धरलं की गुण मिळणार नाहीत हे कळताच खेळ सुटतो. त्या वडिलांना मी सांगितलं की राज्यावर ती जाणार नाही. ती संध्याकाळचा पाऊण तास मैत्रिणींबरोबर लंगडी नि खो-खो खेळेल आणि रात्री अभ्यासाला बसल्यावर पेंगणार नाही. ते लगेच काही बोलले नाहीत. मुलगी येत राहिली, एवढं मला पुरलं.

मोठ्या खेळाडूंच्या गोष्टी मी वर्गात सांगते. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही गाव, तिथली ललिता बाबर. शाळेत खो-खो खेळायची आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळली. मुलं डोळे मोठे करून ऐकतात, अभिमानानं टाळ्या वाजवतात. पण खरं सांगायचं तर अशा गोष्टींनी आधीच पळणारी मुलं जास्त जोरात पळतात. कडेला बसलेली मुलगी उठली ती दुसऱ्याच कुणामुळे.

आमची एक माजी विद्यार्थिनी पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीच्या मैदानी चाचणीला पन्नास गुण असतात. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. तिला सरावाला मैदान हवं होतं, मी म्हटलं संध्याकाळी ये. ती एकटीच फेऱ्या मारायची, ओढणी कमरेला बांधून, हातात साधं घड्याळ. नववीच्या चार-पाच जणी लिंबाखालून बघत बसायच्या. ती शाळेत असताना काही फार पळणारी नव्हती, हे त्यांच्यातल्या एकीच्या मोठ्या बहिणीला ठाऊक होतं. एके दिवशी तिनं त्यांना हाक मारली, "ए, नुसतं बघताय काय, माझं घड्याळ धरा की." घड्याळ धरायला दोघी उठल्या. पुढच्या आठवड्यात एकजण शेवटची फेरी तिच्याबरोबर पळाली, बोलायला म्हणून. मग सगळ्याच. कुणी त्यांना शिट्टी मारली नाही, कुणी हजेरी घेतली नाही. पहिल्या भरतीत ती पडली, आणि दुसऱ्या दिवशी परत मैदानावर आली, हे त्या मुलींनी पाहिलं. पुढच्या भरतीत ती लागली. पेढे घेऊन आली तेव्हा पहिला पेढा तिनं घड्याळवाल्या दोघींना दिला.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात, कारण तिच्यावर चर्चेची गरजच नाही. गृहपाठ केला नाही, मैदानाला चार फेऱ्या. वर्गात बोललास, वीस उठाबशा. जी गोष्ट मुलांनी आयुष्यभर आवडीनं करावी असं आपल्याला वाटतं, तीच शिक्षा म्हणून द्यायची, हे आमच्या शाळेत बंद केलं. त्यासाठी मी प्रत्येक सहकाऱ्याला एकेकटं गाठून बोलले. काहींना ते अजून आवडलेलं नाही.

या वर्षीची लढाई वेगळी आहे. दुसरं सत्र लागलं की दहावीचा पीटीचा तास गणित नाहीतर विज्ञानाला जातो, ही बहुतेक शाळांतली रीत, आमच्याकडचीही. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. वहीचं फाडलेलं दुरेघी पान. "दहावी 'अ' व 'ब'च्या विद्यार्थ्यांचा अर्ज. विषय: आमचा पी.टी.चा तास काढून घेऊ नये." खाली सह्या, दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. चिठ्ठ्यांमुळे माझ्या चांगल्या ओळखीची झालेली अक्षरं त्यात होती. अर्जात लिहिलं होतं की तास राहिला तर जादा तासाला आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर थांबू, आणि गणिताच्या सरांना आम्ही स्वतः विचारलं आहे, ते तयार आहेत.

"हे तुम्ही लिहून घेतलंय का?" सरांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. सरांनी गणिताच्या शिक्षकांना बोलावून घेतलं, त्यांनी होकार दिला. मग सरांनी अर्जाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं लिहिलं: फेब्रुवारीअखेर तास कायम ठेवावा, शनिवारच्या जादा तासाचं वेळापत्रक वर्गशिक्षकांनी लावावं. शाळेत परीक्षा केंद्र आहे, फेब्रुवारीनंतर मैदानावर मंडप पडतो. मार्चात या मुलांना कुठे खेळवायचं, यावर सध्या आमचं बोलणं चालू आहे; शेजारच्या तालमीनं संध्याकाळची वेळ देऊ केली आहे, मुलींसाठी वेगळी.